गाडीतल्या टेपचा बास फाटतोय? नवा स्पीकर घेण्याआधी हे तपासा

अर्धापूर : केळीची पिकअप असो, उसाचा ट्रॅक्टर असो की घरची चारचाकी, टेप नाही अशी गाडी आपल्या तालुक्यात शोधावी लागते. आणि टेप आला की एक तक्रार हमखास येते. आवाज थोडा वाढवला की बास फाटतो. धूम वाजायच्या जागी फर्रर्र वाजतं, दाराचा पत्रा थरथरतो, शब्द कळत नाहीत. दुकानात गेलं की उत्तर तयार असतं, "स्पीकर गेला, बदलून टाका." नवा स्पीकर बसतो, आठ दिवस बरा वाजतो आणि पुन्हा तेच सुरू होतं.

याचं कारण साधं आहे. बास फाटतो तेव्हा दोष बऱ्याचदा स्पीकरमध्ये नसतोच. तो गाण्यात असतो, मोबाईलच्या सेटिंगमध्ये असतो, टेपच्या ताकदीत असतो किंवा बॅटरीकडून येणाऱ्या वायरमध्ये असतो. स्पीकर फक्त जे मिळेल ते वाजवतो. मूळ दोष तसाच राहिला तर नवा स्पीकरही जळतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. म्हणून तपासणी मोबाईलपासून सुरू करायची आणि स्पीकरला शेवटी हात लावायचा. यातल्या पहिल्या तीन पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही.

बास फाटतो म्हणजे नेमकं काय होतं?

आवाज वायरमधून लहरीच्या रूपात स्पीकरकडे जातो. लहर वर गेली की स्पीकरचा पडदा पुढे येतो, खाली आली की मागे जातो. टेपची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची जेवढी ताकद आहे त्यापेक्षा मोठी लहर मागितली तर ती वरून आणि खालून कापली जाते. शेंडे छाटलेल्या उसासारखी ती सपाट होते. यालाच मेकॅनिक लोक क्लिपिंग म्हणतात आणि कानाला ते फाटल्यासारखं लागतं.

सपाट लहर स्पीकरसाठी वाईट असते. पूर्ण छाटलेल्या लहरीत स्वच्छ लहरीच्या दुप्पटीपर्यंत वीज असू शकते. स्पीकरच्या आत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते, ती तापते आणि तिचं वार्निश जळतं. त्यामुळे कमी ताकदीचा टेप फुल करून वाजवला तरी मोठा स्पीकर जळू शकतो. 'टेप छोटा आहे, स्पीकरला काय होणार' हा समज खरा नाही.

बासचा त्रास आधी जाणवतो, कारण सगळ्यात जास्त ताकद बासलाच लागते. हलगीचा कडकडाट वरच्या पट्टीतला असतो, त्याला पडदा थोडा हलला तरी पुरतो. ढोलाचा किंवा डीजेच्या गाण्यातला धूम खालच्या पट्टीतला असतो. ८० हर्ट्‌झचा आवाज आणि ४० हर्ट्‌झचा आवाज सारखाच मोठा काढायचा असेल, तर ४० हर्ट्‌झला पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. दारात बसवलेल्या ४ किंवा ६ इंची स्पीकरला ते झेपत नाही.

पायरी १ : गाणं आणि मोबाईल

आधी गाणं बदलून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेलं गाणं अनेकदा दाबून लहान केलेलं असतं. डीजे रिमिक्स तर बनवतानाच इतक्या मोठ्या आवाजात बनवतात की त्यात लहरीचे शेंडे आधीच छाटलेले असतात. असं गाणं कितीही भारी सिस्टीमवर फाटकंच वाजणार. एखादं नीट रेकॉर्ड झालेलं जुनं चित्रपटगीत किंवा भजन तेवढ्याच आवाजात लावा. ते स्वच्छ वाजलं तर तुमची सिस्टीम ठीक आहे, दोष त्या गाण्यात आहे.

मग मोबाईलची सेटिंग उघडा. साउंड सेटिंगमध्ये इक्वलायझर, बास बूस्ट किंवा डॉल्बी असं काही चालू असेल तर बंद करा. गाण्याच्या अ‍ॅपमध्येही वेगळा इक्वलायझर असतो, तोही बंद करा. मोबाईलमध्ये बास वाढवलेला, अ‍ॅपमध्ये वाढवलेला आणि टेपवरही वाढवलेला, असं तिहेरी ओझं अनेक गाड्यांत दिसतं.

मोबाईल पिनच्या वायरने टेपला जोडला असेल तर मोबाईलचा आवाज साधारण ८० टक्के ठेवा, उरलेलं टेपवर वाढवा. ब्लूटूथ असेल तर मोबाईलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून टेपवर कमी-जास्त करा. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचं एफएम ट्रान्समीटर वापरत असाल तर तेच गाणं एकदा पेन ड्राइव्हवरून वाजवून बघा. फरक लगेच कळेल.

पायरी २ : टेपवरचा बास शून्यावर आणा

टेपच्या सेटिंगमध्ये बास, ट्रेबल आणि लाउडनेस असतात. तिन्ही शून्यावर किंवा बंद करा. मग आवाज हळूहळू वाढवा आणि कुठल्या आकड्याला फाटायला लागतो ते बघून ठेवा. आता बास ६ ने वाढवा आणि पुन्हा बघा. पूर्वी ३० ला फाटत असेल तर आता २० लाच फाटेल.

यामागे गणित आहे. बास ३ डेसिबलने वाढवला की त्या आवाजाला दुप्पट वॅट लागतात, ६ डेसिबलने वाढवला की चौपट आणि १० डेसिबलने वाढवला की दहापट. टेपकडे तेवढे वॅट नसतात. म्हणून बास दोन-तीन आकडे कमी केला की आवाज स्वच्छ होतो आणि एकूण आवाज जास्त वाढवता येतो. बास कमी करून बास सुधारतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

गाडी पळताना टायरचा आणि इंजिनचा घरघराट खालच्या पट्टीतलाच असतो आणि तो गाण्याचा बास झाकून टाकतो. म्हणून माणूस रस्त्यावर बास वाढवत जातो. गाडी थांबवली की तोच बास अंगावर येतो. सेटिंग करायची ती गाडी उभी करून, शांत जागी.

पायरी ३ : डब्यावरच्या वॅटवर जाऊ नका

टेपच्या डब्यावर ५० गुणिले ४ वॅट, कुठे तर १००० वॅट असं लिहिलेलं असतं. खरं काय ते साध्या हिशेबाने कळतं. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टपर्यंत वीज मिळते. टेपच्या आतल्या साध्या अ‍ॅम्पमधून ४ ओहमच्या स्पीकरला, काहीही तोटा न धरता, स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २६ वॅट जाऊ शकतात. तोटा धरला तर हातात १५ ते २० वॅट येतात. टेप कुठल्याही कंपनीचा असो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर गणित हेच.

म्हणून खरेदी करताना डब्यावर 'आरएमएस' किती लिहिलंय ते बघा. स्पीकर किंवा अ‍ॅम्प न थांबता किती वॅट सांभाळतो ते आरएमएस सांगतं. 'मॅक्स', 'पीक' किंवा 'पीएमपीओ' हे आकडे जाहिरातीचे आहेत.

टेपमध्ये 'एचपीएफ' नावाची सेटिंग असेल तर दाराच्या स्पीकरसाठी ती ८० किंवा १०० हर्ट्‌झवर ठेवा. म्हणजे जो खोल बास त्या लहान स्पीकरला झेपत नाही तो त्याच्याकडे जातच नाही आणि उरलेलं गाणं मोकळं वाजतं. खोल बास हवाच असेल तर त्यासाठी वेगळा वूफर आणि वेगळा अ‍ॅम्प लागतो. वूफरच्या अ‍ॅम्पवर 'एलपीएफ' ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवा.

पायरी ४ : बॅटरी, वायर आणि अर्थ

वेगळा अ‍ॅम्प बसवलेल्या गाड्यांत बास फाटण्याचं मोठं कारण इथे सापडतं. एक खूण आहे. रात्री हेडलाइट लावून गाणं वाजवा. प्रत्येक धूमला लाइट मंद होत असेल तर अ‍ॅम्पला पुरेशी वीज मिळत नाही.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घरी असला तर फार कामाला येतो. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. मग मीटर अ‍ॅम्पच्या वायरवर धरा आणि गाणं मोठं करा. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्पवर १२ दिसत असतील तर मधल्या १.८ व्होल्टची गळती वायरमध्ये किंवा अर्थमध्ये आहे.

वायरचा हिशेब बघा. २०० वॅट आरएमएसचा साधा अ‍ॅम्प पूर्ण जोरात जवळपास ३० अँपिअर ओढतो. घरच्या फिटिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटर ओढली, तर ३० अँपिअरला त्या वायरमध्येच एक व्होल्ट गळतो. १६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर गळती ०.२ व्होल्टपेक्षाही कमी राहते. स्वस्त किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर येते. तिची तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमची. तेवढ्याच कामाला ती जास्त जाड लागते.

अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. ती जवळच्या चॅसिसला, रंग खरवडून, नट-बोल्टने घट्ट बांधा. रंगावर किंवा गंजलेल्या पत्र्यावर बांधलेला अर्थ आज चालतो, पण पावसाळ्यात दगा देतो. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज वाढत असेल तरी आधी हाच अर्थ तपासा.

तीन गोष्टी जिवाच्या आहेत. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावा. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबराची रिंग बसवा, नाहीतर घासून शॉर्ट होते आणि गाडी पेट घेऊ शकते. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार गुंडाळू नका.

ट्रकवाल्यांसाठी वेगळी सूचना. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात आणि टेप १२ व्होल्टचा असतो. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले तर ती बॅटरी रोज उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. तो टेप आणि अ‍ॅम्प किती अँपिअर ओढतात ते बघून घ्या. कमी पडला तर बास पुन्हा फाटणारच.

पायरी ५ : अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

अ‍ॅम्पवर 'गेन' लिहिलेला छोटा स्क्रू असतो. तो पूर्ण फिरवला की जास्त आवाज येतो, असं समजून अनेक जण तो शेवटपर्यंत नेऊन ठेवतात. टेपमधून येणारा आवाज आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालणं एवढंच त्याचं काम.

पद्धत अशी. बास, बूस्ट, लाउडनेस सगळं शून्यावर ठेवा. अ‍ॅम्पचा गेन सगळ्यात कमी करा. स्वच्छ गाणं लावून टेपचा आवाज पाऊणपर्यंत न्या. आता गेन हळूहळू वाढवा. जिथे पहिल्यांदा फाटल्यासारखं वाटेल तिथून थोडं मागे या आणि सोडून द्या. पुढे टेपचा आवाज पाऊणच्या वर नेऊ नका.

पायरी ६ : प्लस-मायनस उलटे तर नाहीत?

बास फाटत नाही पण गायबच आहे, गाणं पातळ वाटतं, अशीही तक्रार असते. अशा वेळी एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडलेल्या असण्याची शक्यता फार. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचा बास एकमेकांना मारतो. टेपचा बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेऊन ऐका. एकटा स्पीकर दोघांपेक्षा जास्त बास देत असेल तर उलटं जोडलंय हे नक्की समजा.

खात्रीसाठी स्पीकरच्या वायरी टेपमधून काढा आणि घड्याळाच्या दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर येतो. आत गेला तर खुणा उलट आहेत.

अजून दोन चुका टाळा. टेपच्या स्पीकर वायरीतली मायनस कधीही बॉडीला जोडू नका, टेपचा आयसी जळतो. आणि एका वायरवर दोन स्पीकर जोडताना ओहम मोजा. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. साध्या टेपला तेवढा भार झेपत नाही, तो तापतो, आवाज फाटतो किंवा मध्येच बंद पडतो.

पायरी ७ : दार, खोका आणि पत्रा

कधी स्पीकर स्वच्छ वाजत असतो, थरथरतो तो पत्रा. गाणं चालू असताना दाराचं पॅनल, नंबर प्लेट, डिकीचं झाकण एकेक करून हाताने दाबून बघा. ज्याला दाबल्यावर आवाज थांबतो तो दोषी. स्क्रू आवळा, मध्ये फोमची पट्टी लावा.

दाराच्या आतला प्लास्टिकचा कागद कुणी काढून टाकला असेल तर तो परत चिकटवा. स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्या आवाजात मिसळला की बास मरतो, म्हणून स्पीकरभोवती फट राहता कामा नये. हेच वूफरच्या खोक्याला लागू. ट्रॅक्टरच्या हूडाखाली बांधलेले प्लायचे खोके शेतातल्या हादऱ्यांनी सांध्यात उघडतात आणि फटीतून फुस्स आवाज येतो. सांधे फेविकॉल किंवा सिलिकॉनने बंद करून स्क्रू आवळले की निम्मं काम होतं.

पायरी ८ : आता स्पीकर बघा

टेप बंद करा. दोन्ही हातांची बोटं पडद्याच्या दोन बाजूंना ठेवून तो हलकेच आत दाबा आणि सोडा. खरखर लागली तर आतली कॉइल घासते. ती जळून फुगलेली असेल किंवा आत माती गेली असेल. पडद्याच्या कडेचं फोम किंवा रबर भेगाळलंय का बघा. मे महिन्यात बंद गाडीत जी भट्टी पेटते त्यात फोम लवकर विरतं. पावसाळ्यात काचेवरचं पाणी दारात उतरतं आणि कागदी पडदा फुगतो.

मग वायरी काढून मीटर ओहमवर ठेवा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. शून्याजवळ दाखवत असेल तर आतून शॉर्ट आहे. तो जोडून वाजवू नका, टेपही जाईल.

नुसती कड फाटली असेल किंवा कॉइल जळली असेल तर मोठा वूफर रिपेअर होतो. लहान दाराच्या स्पीकरला मात्र रिपेअरपेक्षा नवा परवडतो. आधीच्या सात पायऱ्या झाल्या असतील तर तो नवा टिकेलही.

शेवटी रस्त्याचं

बास नीट झाला म्हणून कानठळ्या बसेपर्यंत वाजवावा असं नाही. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मोठ्या टेपमुळे मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही. ट्रॉल्यांमुळे मागचं दिसतही नाही. तिथे कानच डोळ्यांचं काम करतात.

कानांचाही हिशेब आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, ८८ चा ४ तास आणि ९१ चा फक्त २ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. रात्रपाळीचा ड्रायव्हर ही मर्यादा एका फेरीत ओलांडू शकतो आणि गेलेले कान परत येत नाहीत.

कायद्याचंही लक्षात असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्रीची वेळ १० ते सकाळी ६ अशी धरतात. दवाखाने, शाळा आणि कोर्टापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो.

आणि बॅटरीचं. इंजिन बंद ठेवून तासभर अ‍ॅम्प वाजवला तर सकाळी ट्रॅक्टरला धक्का मारायची वेळ येते. केळीचा माल भरून गाडी उभी आहे आणि स्टार्टर फिरत नाही, हा तोटा कुठल्याही स्पीकरपेक्षा महाग पडतो.

थोडक्यात क्रम असा : गाणं, मोबाईल, टेपची सेटिंग, वीज आणि अर्थ, गेन, प्लस-मायनस, दार-खोका आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐकून बघा. दुकानात जायची वेळ आलीच तर 'बास फाटतो' एवढंच सांगू नका. कितव्या आकड्याला फाटतो, कुठल्या बाजूचा फाटतो, इंजिन चालू असताना की बंद असताना, हे सांगा. एवढी माहिती दिली की दोष लवकर सापडतो आणि विनाकारण स्पीकर बदलावा लागत नाही.